अलंकाराचं नाव लिहून झालं, पुढे काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही बघता येईल. तुम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहात, सोबत स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे. अलंकार पाठ आहेत, पर्यायी प्रश्नांत एकही चुकत नाही. पण कवितेचं रसग्रहण लिहायला घेतलं की 'या कवितेत कवीने उपमा अलंकाराचा सुंदर वापर केला आहे' यापुढे पेन सरकत नाही. स्वतःच्या लेखात अलंकार घालायला गेलात तर वाक्य खोटं वाटतं. नमुना म्हणून तुम्ही तुमच्याच निबंधातलं वाक्य दिलंय: 'आमच्या गावची नदी म्हणजे जणू चंदेरी शालू नेसलेली नववधू.' आणि खाली लिहिलंय की नदी फेब्रुवारीत आटते. अलंकार शिकून वाचन-लेखन खरंच सुधारतं का, सुधारत असेल तर किती अलंकार शिकायचे, आणि उपमा, उत्प्रेक्षा, रूपक यांचा घोळ कसा सोडवायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी 23 वर्षं पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आहे. त्याआधी सहा वर्षं एका दैनिकात उपसंपादक होते. दोन्हीकडे हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला अलंकार ओळखता येतात, आणि आपल्याकडचं शिकवणं बहुतेक वेळा तिथेच थांबतं. व्याख्या, खुणेचा शब्द, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं एक उदाहरण. सारखा, सम, परी दिसलं की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा. परीक्षेत हे चालतं. पण 'तुझ्यासारखाच शर्ट मीही घेतला' या वाक्यात 'सारखा' आहे आणि उपमा नाही, कारण दोन्ही शर्टच आहेत. 'मला वाटतं आज पाऊस येईल' यातल्या 'वाटतं'चा उत्प्रेक्षेशी काही संबंध नाही. खुणेच्या शब्दावर विसंबलेला विद्यार्थी ओळीत तो शब्द शोधतो, सापडला की थांबतो, आणि ओळ वाचायची राहूनच जाते. तुमचं पेन अडतं ते इथे.

किती खोलात जायचं हे मात्र तुम्हाला काय हवंय यावर ठरेल. फक्त स्पर्धा परीक्षेतले व्याकरणाचे गुण हवे असतील तर तुमची आत्ताची तयारी पुरेशी आहे. पुढचं सगळं परीक्षेनंतर वाचलंत तरी चालेल. रसग्रहणासाठी हवं असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या. बारावीपर्यंत आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन मुद्द्यांची सवय लागते. मुलं अलंकाराचं नाव तिसऱ्या मुद्द्यात टाकून मोकळी होतात, आणि पहिल्या मुद्द्यात लिहिलेल्या आशयाशी त्याची गाठ कधी पडतच नाही. आणि लेखनासाठी हवं असेल तर मार्ग लांबचा आहे, कारण तिथे अलंकारांआधी डोळ्यांनी काय पाहिलंय याचा हिशोब द्यावा लागतो. त्याकडे शेवटी येते.

वर्गात मी पहिल्या दिवसापासून एक सवय लावते. अलंकार दिसला की नाव लिहिण्याआधी त्याच गोष्टीचं साधं वाक्य तयार करायचं आणि मूळ ओळीच्या शेजारी ठेवायचं. मग विचारायचं: लिहिणाऱ्याला हे साधं वाक्य येत होतंच, मग त्याने ते का सोडलं? सोडल्यामुळे काय मिळालं, काय गेलं? या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचं विश्लेषण. अलंकाराचं नाव हे डब्यावरचं लेबल आहे, डब्यात काही भरलेलं असेल तर त्याचा उपयोग.

करून बघू. 6 जुलै 1897 च्या 'केसरी'तल्या टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा बहुतेकांना माहीत असतो: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली झालेल्या जुलमाने लोक पिचले होते, जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि सरकार सगळ्या शहरावरच राग काढत होतं. आता साधं वाक्य: 'सरकारचे डोके ठिकाणावर नाही.' मतलब तोच. पण साध्या वाक्यात आरोप करणारा लेखक एकटा आहे. प्रश्न केला की 'नाही' हा शब्द वाचकाच्या मनातून उठतो आणि वाचक आरोपात सामील होतो. दुसरी गोष्ट, 'डोकं ठिकाणावर नसणं' हा घरातला वाक्प्रचार आहे. आई मुलाला म्हणते, शेजारी शेजाऱ्याला म्हणतो. तोच साम्राज्याच्या सरकारला लावला की सरकार आपल्या ओसरीवर येऊन उभं राहतं, आणि त्याला जाब विचारता येतो. 'सरकारची विवेकबुद्धी शाबूत आहे काय?' असं लिहिलं असतं तर प्रश्न तसाच राहिला असता, पण ओसरी गेली असती. उत्तराची वाट न बघणाऱ्या अशा प्रश्नामागच्या आवाजाच्या हेलाला आपल्या जुन्या शास्त्रात 'काकु' म्हणतात. शब्द तेच, हेल बदलला की अर्थ उलटतो. म्हणून असा मथळा मोठ्याने वाचून बघावा.

दुसरं उदाहरण मला फार जवळचं आहे. जोतीराव फुल्यांनी 1883 मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड'मधल्या या ओळी तुम्ही भिंतींवर, फलकांवर शेकडो वेळा वाचल्या असतील:

विद्येविना मती गेली; मतीविना नीती गेली;
नीतीविना गती गेली; गतीविना वित्त गेले;
वित्ताविना शूद्र खचले. इतके अनर्थ एका अविद्येने केले.

उत्तरपत्रिकांत इथे 'अनुप्रास आणि यमक' असं लिहिलेलं असतं. ते चूक नाही, पण त्याने हाती फारसं लागत नाही. इथला मुख्य अलंकार कारणमाला. आधीची गोष्ट पुढचीचं कारण, ती तिच्या पुढचीचं, कडीत कडी. साधं वाक्य करू: 'विद्या नसल्यामुळे शूद्रांची मती, नीती, गती आणि वित्त गेले व ते खचले.' माहिती सगळी आली. मग गेलं काय? क्रम गेला. साध्या वाक्यात चारही नुकसानं एका रांगेत सारखी उभी आहेत. मूळ ओळींत वित्त चौथ्या पायरीवर आहे. गरिबी का आली असं विचारत कोणी उलटा चालू लागला तर त्याला गती, नीती, मती अशा तीन पायऱ्या ओलांडून विद्येपाशीच जावं लागतं, मध्ये कुठे थांबता येत नाही. फुल्यांना जो वाद घालायचा होता तो सगळा या रचनेत आहे. रचना मोडली तर वाद मोडतो.

आता क्रियापदं बघा. गेली, गेली, गेली, गेले. चार वेळा एकच क्रियापद, कानाला त्याची सवय होते. पाचव्या वेळी ते बदलतं: खचले. आणि त्याच जागी पहिल्यांदा माणूस येतो. मती, नीती, गती, वित्त 'जातात', माणसं 'खचतात'. नादाचं कामही इथेच दिसतं. मती, नीती, गती हे तीन शब्द एकमेकांत वाजतात, 'वित्त' आलं की तो नाद तुटतो. माणसाच्या आतल्या गोष्टींकडून वाक्य बाहेरच्या जगाकडे, पैशाकडे वळतं, नेमकं तिथे. 'यमक आहे' एवढं लिहून थांबलात तर यमक कुठे तुटलं हे दिसणारच नाही.

आणि शेवटचा तुकडा. सुरुवातीचा शब्द 'विद्येविना', म्हणजे नुसती उणीव, काहीतरी नाही एवढंच. तीच उणीव शेवटी तृतीया विभक्ती लावून 'अविद्येने केले' अशी कर्ता होऊन येते. जे नव्हतं त्याच्यावर केल्याचा आरोप ठेवला गेला. शिवाय 'इतके' आणि 'एका' हे दोन शब्द एकमेकांसमोर उभे केलेत: नुकसानं अनेक, गुन्हेगार एक.

इथे मी मुलांना 'विद्या ददाति विनयम्' हे सुभाषित आठवायला सांगते. विद्येने विनय, विनयाने पात्रता, पात्रतेने धन, धनाने धर्म आणि मग सुख. तीही कारणमालाच, पण चढती. फुल्यांनी ते समोर ठेवून लिहिलं असा माझा दावा नाही. दोन्ही शेजारी ठेवली की एवढं मात्र दिसतं: शिडी तीच, पण इथे ज्यांना विद्या नाकारली त्यांच्या बाजूने, वरून खाली उतरणारी. एवढ्या ओळींना मला पूर्ण तास लागतो, आणि 'कारणमाला' हे नाव मी तासाच्या शेवटी सांगते.

अलंकार जसं दाखवतो तसं झाकतोही. हे मला बातम्यांच्या टेबलावर कळलं. अपघाताच्या बातमीला तेव्हा एक ठरलेला मथळा असायचा: 'लग्नाहून परतणाऱ्या कुटुंबावर काळाचा घाला'. ही चेतनागुणोक्ती, निर्जीव काळ माणसासारखा वागतो. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, त्याला हळहळ पोहोचवायची असते. एका रात्री अशीच बातमी आली. चौथ्या परिच्छेदात लिहिलं होतं की बंद पडलेला ट्रक संध्याकाळपासून दिव्यांविना रस्त्यात उभा होता आणि जीप त्यावर आदळली. मथळ्यात मात्र काळ. मी मथळा बदलून 'दिव्यांविना उभ्या ट्रकवर जीप आदळून तिघे ठार' असा केला. वरिष्ठांना तो कोरडा वाटला, पण त्यांनी तसाच जाऊ दिला. फुल्यांच्या ओळीत निर्जीव गोष्टीला कर्ता केल्यामुळे खरा अपराधी उजेडात आला. या मथळ्यात निर्जीव गोष्टीला कर्ता केल्यामुळे खरा अपराधी अंधारात गेला. अलंकार एकच, कामं उलटी. म्हणून जाहिरात, भाषण, बातमी वाचताना मी मुलांना एवढंच शोधायला सांगते: हे केलं कोणी, आणि वाक्यात कर्त्याच्या जागी कोण बसलंय?

तुम्ही विचारलेल्या उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक यांच्या घोळाबद्दल. व्याख्येने हा घोळ सुटत नाही, पण एकच साम्य घेऊन ते वेगवेगळ्या अलंकारांत फिरवलं की सुटतो. 'आजीचे हात भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगांसारखे आहेत.' इथे हात वेगळे, शेंगा वेगळ्या, मध्ये 'सारखे'ची भिंत आहे, ही उपमा. बोलणारा शांत आहे. 'आजीचे हात जणू वाळलेल्या शेंगाच.' भिंत पातळ झाली, क्षणभर तसं वाटून गेलं, ही उत्प्रेक्षा. 'आजीचे हात म्हणजे वाळलेल्या शेंगा.' भिंत गेली, हे रूपक. 'हे हात नव्हेत, वाळलेल्या शेंगा आहेत.' ही अपन्हुती, म्हणजे मूळ गोष्टच नाकारणं. इथे बोलणारा कोणाशी तरी भांडतोय, समोरचा 'हात आहेत' म्हणत असल्यासारखा. 'शेंगांनाही इतक्या सुरकुत्या नसतात' म्हटलं की व्यतिरेक, हात शेंगांच्याही पुढे गेले. साम्य पाचही ठिकाणी तेच, फरक फक्त बोलणाऱ्याच्या आग्रहाचा. रसग्रहणात लिहायची गोष्ट हीच: कवीने किती आग्रह धरला, आणि कवितेच्या त्या जागी तेवढा आग्रह का हवा होता. शांत कवितेत अचानक अपन्हुती आली तर तिथे काहीतरी घडलंय असं समजा.

साम्य असलेल्या कुठल्याही ओळीसाठी आपल्याच भाषेत एक जुनं, उत्तम साधन आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या केशिराजबासांनी चक्रधरस्वामींचे 114 दृष्टांत 'दृष्टांतपाठा'त एकत्र केले. त्याची मांडणी तीन भागांची आहे. सूत्र म्हणजे मूळ विधान. दृष्टांत म्हणजे ते पटवणारी गोष्ट. आणि दार्ष्टांतिक म्हणजे त्या गोष्टीतलं काय विधानातल्या कशाला लागू पडतं याचा उलगडा. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट त्यात आहे. पाय हाती लागला त्याला हत्ती खांबासारखा, कान हाती लागला त्याला सुपासारखा. आपण शाळेत पहिले दोन भाग शिकतो आणि तिसरा गाळतो. तुमच्या रसग्रहणात नेमका तो तिसरा भाग नाही. कुठलीही उपमा घ्या आणि तिचं दार्ष्टांतिक लिहा: कशाच्या जागी काय आलंय, काय जुळतं, आणि काय जुळत नाही.

'जुळत नाही' हा भाग सोडू नका. जळगावकडचा एक विद्यार्थी होता. त्याने निबंधात लिहिलं, 'केळीचा घड उतरवला की खोड कापून टाकतात आणि बाजूची पिलं वाढू देतात. आजोबांनी शेताची वाटणी केली त्या दिवशी मला ते आठवलं.' वाक्य चांगलंच होतं. मी त्याला दार्ष्टांतिक करायला बसवलं. घड म्हणजे काय? जमीन. खोड? आजोबा. पिलं? बाबा आणि काका. मग कापणारा कोण? तो बराच वेळ गप्प बसला. म्हणाला, 'कापणारं कोणी नव्हतं मॅडम. आजोबांनी आपणहून केलं.' दुसऱ्या दिवशी त्याने पुढे एक वाक्य जोडून आणलं: 'केळीचं खोड दुसऱ्याला कापावं लागतं. आजोबांनी कागदावर स्वतःच अंगठा उठवला.' मी इतकी वर्षं निबंध तपासते आहे, त्यातली मनात राहिलेली वाक्यं मोजकी आहेत. हे त्यातलं एक आहे, आणि ते साम्य जिथे तुटलं तिथून निघालं.

आता रसग्रहणात हे उतरवायचं कसं ते एका छोट्या नमुन्यावर दाखवते. तुकोबांच्या ओळी: 'लहानपण देगा देवा । मुंगी साखरेचा रवा । ऐरावत रत्न थोर । त्यासी अंकुशाचा मार ।' नेहमीचं उत्तर: 'येथे दृष्टांत अलंकार आहे.' माझ्या वर्गात हेच असं लिहिलं जातं: 'लहानपणाची मागणी पटवण्यासाठी तुकोबा मुंगी आणि ऐरावत ही दोन चित्रं ठेवतात. मध्ये जसे-तसे नाही, त्यामुळे जोडण्याचं काम वाचकाकडे येतं. मुंगीच्या ओळीत क्रियापद नाही, "ला" प्रत्ययही नाही. मुंगी आणि साखर थेट एकमेकांना चिकटून येतात, जणू मिळायला वेळच लागला नाही. ऐरावताला मात्र आधी "रत्न" आणि "थोर" ही बिरुदं मिळतात आणि मग "त्यासी" म्हणून मार मिळतो. बिरुदं आणि मार एकाच्याच वाट्याला येतात. म्हणून मागणी लहानपणाची आहे.' एवढ्या परिच्छेदात आशय आणि भाषा वेगळे काढता येत नाहीत. परीक्षकाला तेच हवं असतं.

किती अलंकार शिकावेत? भरताच्या नाट्यशास्त्रात चारच आहेत: उपमा, रूपक, दीपक, यमक. पुष्कळ नंतरच्या, अप्पय्य दीक्षितांच्या 'कुवलयानंद' या अलंकारग्रंथापर्यंत येता येता संख्या शंभरावर गेली. यादी पाठ करण्यापेक्षा कुळं लक्षात ठेवा. बाराव्या शतकात काश्मीरच्या रुय्यकाने अलंकारांचे गट पाडले: साम्यावर उभे असलेले, विरोधावर उभे असलेले, साखळीचे, युक्तिवादाचे, आणि अर्थ आडून सांगणारे. मी यात नादाचा एक गट जोडते. प्रत्येक कुळातले दोन-तीन पक्के करा. साम्यातले उपमा, रूपक, उत्प्रेक्षा, व्यतिरेक. विरोधातले विरोधाभास आणि असंगती (कारण एकीकडे, परिणाम भलतीकडे). साखळीतले कारणमाला आणि सार (पायरीपायरीने चढत जाणं). युक्तिवादातला अर्थांतरन्यास (एका गोष्टीवरून सर्वसाधारण सत्य सांगणं किंवा उलट). आडून सांगणाऱ्यांतले व्याजस्तुती (स्तुतीआडून निंदा किंवा उलट) आणि अन्योक्ती (एकाला उद्देशून दुसऱ्याला सांगणं). नादातले अनुप्रास आणि यमक. एवढ्यावर वर्षानुवर्षं काम चालतं. श्लेष परीक्षेत लाडका आहे, पण वाचनात क्वचित भेटतो. नवीन ओळ समोर आली की आधी कूळ ओळखा: ही ओळ जोडतेय, भांडतेय, चढत चाललीय, पटवतेय, की लपवतेय? नाव नंतर शोधता येतं, नाही सापडलं तरी फार बिघडत नाही.

आणि पुष्कळदा ओळीत अलंकार नसतोच. आजच्या कविता-कथांमध्ये तर वारंवार. तेव्हा घाबरून कुठलं तरी नाव चिकटवू नका. 'सूर्य मावळला, चंद्र उगवला, पाखरं घरट्यांकडे निघाली' अशा अर्थाची ओळ घेऊन जुना संस्कृत काव्यशास्त्रकार भामह म्हणतो, हे कसलं काव्य, ही तर वार्ता झाली. पुढे मम्मटाच्या काव्यप्रकाशात 'सूर्य मावळला' एवढ्याच वाक्याचे किती अर्थ होतात ते दाखवलंय. गुराख्याला सांगितलं तर 'गुरं घराकडे वळव'. विकायला बसलेल्याला सांगितलं तर 'माल आवर'. प्रियकराला भेटायला निघणारीला सांगितलं तर 'निघ आता'. शब्द साधे, अलंकार एकही नाही, अर्थ मात्र सांगणारा कोण, ऐकणारा कोण आणि वेळ कोणती यातून येतो. ही व्यंजना. घरी आलेल्या पाहुण्याला आजोबा 'शेवटची एसटी साडेसातची आहे' म्हणतात तेव्हा ते वेळापत्रक सांगत नसतात. साध्या ओळीपुढे हेच तीन प्रश्न ठेवा, लिहायला पुष्कळ मिळेल.

सरावाचं सांगते. एक वही घ्या. डाव्या पानावर रोज एक ओळ: अभंग, मथळा, दुकानाची पाटी, भाषणातलं वाक्य, काहीही. उजव्या पानावर तिचं साधं वाक्य. खाली दोनच ओळी, काय मिळालं आणि काय गेलं. अलंकाराचं नाव आलं तर कोपऱ्यात. पहिले पंधरा दिवस 'वाक्य सुंदर झालं' याच्यापुढे काही सुचत नाही. 'सुंदर', 'प्रभावी', 'समर्पक' हे तीन शब्द त्या वहीत वापरायचे नाहीत असं ठरवलं की तिसऱ्या आठवड्यात खरे शब्द यायला लागतात. माझ्या वर्गातला हाच एक नियम मुलांना सगळ्यात कडक वाटतो.

आता लेखन. वाचताना आपण अलंकाराकडून साध्या वाक्याकडे येतो, लिहिताना उलटं जायचं. आधी साधं, खरं वाक्य. ते अपुरं पडलं, जे दिसलं ते त्यात मावलं नाही, तरच अलंकाराला हात लावायचा. तुमचं नववधूचं वाक्य खोटं वाटतं याचं कारण उत्प्रेक्षा चुकली हे नाही. त्याचं दार्ष्टांतिक करून बघा. चंदेरी शालू म्हणजे चमकणारं पाणी, ठीक. नववधू म्हणजे? नवी नदी? कोणाच्या घरी आलेली? वर्षातले किती महिने? एकाही प्रश्नाचं उत्तर तुमच्या गावात नाही, कारण ती नदी तुमच्या गावची नाहीच. ती आपण सगळ्यांनी लहानपणी वाचलेल्या निबंधातली नदी आहे.

बीड जिल्ह्यातून आलेल्या एका मुलाने नदीवरच लिहिलं होतं. त्याच्या गावातली निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जातात. त्याचं वाक्य होतं: 'दिवाळी झाली की आमच्या गावातून आधी नदी जाते, मग माणसं.' शब्द बघा, एकही सजवलेला नाही. नदीला 'आटते' हे क्रियापद असतं, त्याने 'जाते' वापरलं आणि नदी आणि माणसं दोघांना मिळून ते एकच क्रियापद दिलं. दोन वेगळ्या गोष्टींना एका क्रियापदात बांधणं म्हणजे भरताच्या चारांतला दीपक. त्याला हे नाव ठाऊक नव्हतं. मी सांगितल्यावर मात्र त्याला ती युक्ती पुन्हा, जाणूनबुजून वापरता आली, आणि नावं शिकण्याचा लेखनाला होणारा उपयोग मला तिथे दिसतो.

तुमची नदी फेब्रुवारीत आटते असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्या आठवड्यात पात्रात काय दिसतं? आधी कुठला डोह सुटा होतो, वाळूत झिरे कोण खोदतं, धुणं कुठे हलतं, गुरं कुठल्या काठाने उतरतात? यावर पाच साधी वाक्यं लिहा, पाचांत एकदाही 'जणू' आणू नका. लिहून झाली की इथे टाका. सहावं वाक्य काय होऊ शकतं ते आपण मिळून बघू.